गोळी निम्म्यावर थांबली, आता जोडीला काय?

कराडहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"माझी मुलगी २३ वर्षांची. बी. कॉम. झाल्यावर इथल्याच एका पतसंस्थेत लागली होती. कुणाकुणाच्या हातच्या नोटा मोजाव्या लागतात म्हणून हात धुवायला लागली, ते वाढत वाढत आंघोळीला तीन तास लागू लागले. बाहेरचे कपडे, चपला, दाराची कडी, कशाला नुसता हात लागला तरी पहिल्यापासून सगळं. नोकरी सुटली. मनोविकारतज्ज्ञांनी ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्यापायी तेच तेच करत राहण्याचा आजार, म्हणून सांगितलं, सर्ट्रालिन नावाची गोळी सुरू केली. पाच महिने झाले, सध्या १०० मिलिग्रॅम. आंघोळ पावणेदोन तासांवर आली आणि तिथेच अडकली. समुपदेशनाला चार वेळा नेलं. तिथे श्वासाचे व्यायाम शिकवले, मन दुसरीकडे वळव म्हणाले. परवा डॉक्टर म्हणाले, जोडीला रिस्पेरिडोन द्यावी लागेल. भाच्याने मोबाइलवर पाहिलं तर ती स्किझोफ्रेनियाची गोळी निघाली. यांचे एक मित्र म्हणतात, पुण्याला चुंबकाने मेंदूवर उपचार करतात, तिकडे न्या. सासूबाई म्हणतात, कुलदैवताचं राहिलंय. मी दिवसातून तीस-चाळीस वेळा 'स्वच्छ आहे गं, काही लागलं नाही' म्हणते. तिच्या सांगण्यावरून मीही हात धुते, बोटांना भेगा पडल्यात. काय करू?"

ताई, तुमच्यापुढे तीन वाटा आल्या आहेत: रिस्पेरिडोन, चुंबक आणि कुलदैवत. सगळ्यात आधी दाखवायला हवी होती ती वाट यात नाहीच. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी मानसशास्त्रज्ञ आहे, गोळ्या लिहून देत नाही. गोळ्यांबद्दल इथे जे सांगेन ते डॉक्टरांशी बोलताना तुमच्या हाताशी असावं, एवढ्यासाठी. स्वतःहून डोस वाढवू नका, कमी करू नका, बंद तर मुळीच करू नका.

गोळी खरंच कमी पडली का, हे आधी बघू. जुनी माणसं ज्याला मंत्रचळ म्हणायची त्या या आजाराला नैराश्यापेक्षा बहुधा जास्त डोस लागतो आणि धीरही जास्त धरावा लागतो. सर्ट्रालिन सोसत असेल तर ओसीडीत २०० मिलिग्रॅमपर्यंत नेतात आणि पुरेशा डोसवर दोन-तीन महिने थांबून मगच तिचा निकाल लावतात. तुमची मुलगी १०० वर आहे. पाच महिने झाले हे खरं, पण पूर्ण डोसचे पाच महिने झालेले नाहीत. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही त्याला काही कारणही असेल, मळमळ, झोप उडणं, दुसरं काही. पण "हीच गोळी अजून वाढवता येईल का?" हा प्रश्न दुसरी गोळी घेण्याआधी विचारायलाच हवा.

आणखी एक गोष्ट विचारायला संकोच वाटेल, तरी विचारा: गोळी रोज पोटात जाते ना? माझ्याकडे एक मुलगा यायचा. गोळी पाकिटातून काढली की तिला बोट लागलं, म्हणून तो ती नळाखाली धुवायचा. धुता धुता निम्मी मोरीत जायची, आणि त्याच्या घरचे, त्याचे डॉक्टर, मी, आम्ही सगळे महिनोन् महिने म्हणत होतो की याला औषध लागू पडत नाही.

डोस वाढवला तर सुरुवातीचे काही आठवडे तिच्याकडे बारीक लक्ष असू द्या. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये या जातीच्या गोळ्या सुरू करताना किंवा डोस बदलताना क्वचित तगमग वाढते, जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. तसं काही तिच्या तोंडून आलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा क्रमांक आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता ती राहिलेली वाट. तिचं नाव एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, बोलताना ईआरपी म्हणतात. ज्याची धास्ती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा आणि मग धुवायचं नाही. ऐकायला इतकं साधं, करायला फार कठीण. १९६६ मध्ये लंडनला व्हिक्टर मायर यांनी रुग्णालयात हे पहिल्यांदा करून पाहिलं, तेव्हा रुग्णाच्या सोबतीला परिचारिका ठेवून खोलीतलं पाणीसुद्धा बंद ठेवलं होतं. आता कुणी पाणी तोडत नाही. रुग्णाच्या मर्जीने, पायरी पायरीने करतात.

तुम्ही म्हणाल, समुपदेशन तर केलं. ताई, जे केलं ते हे नव्हतं. तुमच्यासारख्याच प्रश्नावर अमेरिकेत, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दोन अभ्यास केले. २००८ च्या अभ्यासातली माणसं गोळी घेऊनही पुरेशी बरी न झालेली होती. निम्म्यांना ईआरपी दिली आणि निम्म्यांना ताण हलका करायला शिकवलं, श्वास, शरीर सैल सोडणं वगैरे. म्हणजे तुमच्या मुलीला शिकवलं तेच. ईआरपीवाल्यांत शंभरातल्या ७४ जणांना ठळक फरक पडला, ताण हलका करणाऱ्यांत २२ जणांना. २०१३ चा अभ्यास तर तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीला थेट उत्तर देणारा आहे. गोळी चालू असूनही त्रास उरलेली शंभर माणसं घेतली. चाळिसांना ईआरपी, चाळिसांना जोडीला रिस्पेरिडोन, विसांना नुसती दिसायला गोळी, आत औषध नाही. आठ आठवड्यांनी ईआरपीवाल्यांपैकी ८० टक्क्यांचा त्रास निदान एक चतुर्थांशाने उतरला होता. रिस्पेरिडोनवाल्यांत हे प्रमाण २३ टक्के होतं आणि दिसायच्या गोळीवर १५ टक्के. या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक इतका थोडा की तो गोळीचाच आहे असं म्हणता येत नाही.

आकडे सांगितले ते एवढ्यासाठी की "थेरपी म्हणजे गप्पा, गोळी म्हणजे खरं औषध" हा समज आपल्या घरांत फार खोल बसलाय. या आजारात तरी तो चुकीचा आहे. अर्थात त्या अभ्यासांतले थेरपिस्ट तयार हाताचे होते, आठवड्यातून दोनदा अशा एकूण सतरा बैठका त्यांनी दिल्या, आणि रुग्णही हे करायला राजी झालेलेच होते. हे नाकारणारे, मध्येच सोडणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. स्वतःहून विंचवाला हात लावल्यासारखं त्यांना ते वाटतं.

थेरपीच्या तासात नेमकं काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला खरी ईआरपी ओळखता येईल. पहिले एक-दोन तास यादी करण्यात जातात. दाराची कडी भीती ३०, भाजीची पिशवी ५०, अनोळखी माणसाच्या हातची दहाची नोट ७०, चपलेचा तळवा ९५. आकडे तिचे, क्रम तिचा. आणि सुरुवात ३० पासून, ९५ पासून नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचा (ओळख पटू नये इतपत तपशील बदलला आहे) तास आठवतो. त्या दिवशी चपलेचा पट्टा होता. त्यांनी एका बोटाचं टोक टेकवलं न टेकवलं आणि ते बोट हवेत धरून बसल्या, भाजल्यासारखं. डावा हात उजव्या मनगटाला घट्ट. मी विचारलं, किती? म्हणाल्या, ८५. मग माझ्याकडे बघून, "मॅडम, काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "माहीत नाही. बसू या." हे 'माहीत नाही' म्हणणं मलाही सोपं जात नाही. माणूस घाबरलेला समोर दिसत असतो आणि एक वाक्य बोललं की त्याचा चेहरा सैल होणार हे ठाऊक असतं. पण ते वाक्य म्हणजेच साबण. वीस मिनिटांनी बोट गुडघ्यावर आलं. पस्तिसाव्या मिनिटाला ओढणी खांद्यावरून घसरली, ती त्यांनी सारखी केली, त्याच हाताने, नकळत. आम्ही दोघीही एकदम ओढणीकडे बघायला लागलो. आकडा तेव्हा ५० होता, शून्य नव्हे. भीती पुरती गेली नाही, ती असतानाही बसता आलं, हे त्या दिवशी त्या शिकल्या. घरी जाऊन रोज तेच करायचं होतं. पुढच्या आठवड्यात पूर्ण हात.

आता कळलं असेल की श्वासाचा व्यायाम इथे का कामाचा नाही. भीती आली की पळवून लावायची, हीच तर या आजाराची खोड. पाण्याने पळवा नाहीतर श्वासाने, मन तेच शिकतं की ही भीती सोसण्याजोगी नाही.

रिस्पेरिडोनबद्दल मात्र भाच्याचं ऐकून घाबरू नका. स्किझोफ्रेनियाची गोळी म्हणून तिच्यावर शिक्का मारणं बरोबर नाही. तीच गोळी कमी डोसमध्ये ओसीडीच्या औषधाला जोड म्हणून जगभर देतात, आणि डॉक्टरांनी काही वेडंवाकडं सुचवलेलं नाही. तुमची मुलगी 'तसली' आहे असा त्याचा अर्थ होत नाही. आणि स्किझोफ्रेनिया असलेल्यांनाही 'तसलं' म्हणू नये, ही माझी विनंती. अशी जोडगोळी दिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना फायदा होतो, असं एकत्रित अभ्यासांत दिसलं आहे. पापणी सारखी फडफडवणं, मान झटकणं, घशातून आवाज काढणं अशा झटक्यांची सवय तिला किंवा घराण्यात कुणाला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्या लोकांत ही गोळी जास्त गुण देते.

किंमतही मोजावी लागते. वजन वाढतं, साखर वाढू शकते. तरुण मुलीत आणखी एक होतं ते आधी कुणी सांगत नाही: पाळी लांबते किंवा थांबते, क्वचित छातीतून दूध येतं. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढल्याने तसं होतं. आधी सांगितलेलं नसलं की घरात भलत्याच शंका निघतात, म्हणून इथे लिहून ठेवते. याच गटातली आरिपिप्राझोलही जोडीला देतात. तिच्यात वजनाचं आणि पाळीचं भय कमी, पण काहींना एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलत राहतात. दोन्हींपैकी काहीही सुरू झालं तर वजन आणि साखर आधी तपासून घ्या. आणि डॉक्टरांना तारीख विचारा: किती दिवसांत फरक दिसला नाही तर ही बंद करायची? महिना-दीड महिन्यात अंदाज येतो. गुण नसताना वर्षानुवर्षं चालू राहिलेली जोडगोळी मी कितीतरी चिठ्ठ्यांवर पाहिली आहे, कारण ती कुणी सुरू केली होती हेच कुणाला आठवत नव्हतं. फार काळ चालली तर तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली मागे लागू शकतात.

क्लोमिप्रामिन हे जुनं आणि जोरकस औषध आहे. आताची गोळी पूर्ण डोसवरही थांबली तर डॉक्टर त्याचा विचार करतील, ईसीजी काढून. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, सुस्ती हे त्याचे नेहमीचे त्रास. मेमँटिन, एन-ॲसिटिल सिस्टीन अशी नावंही तुमच्या कानावर येतील. त्यांचे अभ्यास छोटे आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत. आज तुम्ही त्यात पडू नका.

चुंबकाचा उपचार थोतांड नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ओसीडीसाठी असं एक यंत्र मान्य केलं, तेही चालू उपचाराला जोड म्हणून. ज्या अभ्यासावर ते मान्य झालं त्यात खऱ्या चुंबकावर ३८ टक्के लोकांना ठळक गुण आला, बंद चुंबकावर ११ टक्के. मला त्यातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. यंत्र चालू करण्याआधी दर वेळी रुग्णाची भीती मुद्दाम जागी करायचे. म्हणजे तिथेही भीतीला चुकवून चालत नव्हतं. पण हा उपचार आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. कराडहून रोज पुणं शक्य नाही, तिथे खोली घेऊन राहावं लागेल, आणि खर्च खिशातून. शिवाय सगळी यंत्रं सारखी नसतात. नैराश्यासाठी मेंदूच्या ज्या भागावर चुंबक धरतात तोच ओसीडीला चालतो असं नाही. ईआरपी नीट झाली, औषध पूर्ण डोसला पोचलं, तरी आंघोळ दीड तासावरच राहिली, तर मग पुण्याची चौकशी करा. आज त्या पैशांत ईआरपीचे पुष्कळ तास होतील. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रियाही कुणीतरी सुचवील. ती वर्षानुवर्षं सगळे उपाय थकलेल्यांसाठी असते, तुमच्या मुलीचा तिच्याशी संबंध नाही.

सासूबाईंना दुखवू नका. कुलदैवताला जाऊन या. फक्त 'अमुक इतक्या वेळा प्रदक्षिणा, अमुक इतकी सोवळ्यात पूजा' असं काही तिच्या माथी मारू नका. या आजाराला मोजणं आणि सोवळं आयतंच मिळालं की तो तिथेही घर करतो. देवळात जाताना चपला बाहेर काढायच्या, परतताना घालायच्या, एवढं तिने केलं तरी पुष्कळ.

आता थेरपिस्ट. मोठ्या शहरात आहेत तितके कराडला मिळणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुमच्या गावातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नाहीतर मिरजेच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात विचारा. ईआरपी व्हिडिओवरूनही चांगली होते, किंबहुना धुण्याच्या त्रासात ती बरी पडते, कारण तुमची खरी मोरी, तुमची खरी कडी तिथे असते. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीचं स्वतंत्र क्लिनिक आहे, इकडे काहीच जमलं नाही तर तिथे एकदा दाखवून यावं. कुणाकडेही गेलात तरी आधी विचारा: तासात तुम्ही तिला प्रत्यक्ष हात लावायला सांगता का? घरी करायला काही देता का? आम्हाला बोलावता का? "आम्ही मन मोकळं करू देतो, सकारात्मक विचार शिकवतो" एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून उठा.

येताना येल-ब्राऊन मोजपट्टी भरून घ्यायला सांगा, ओसीडीचा त्रास किती आहे ते तिने मोजतात. दहा प्रश्न, चाळीस गुण, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. 'थोडं बरं आहे' या शब्दांवर दोन-दोन वर्षं निघून जातात. आज २६ आहे आणि तीन महिन्यांनी १७ झाला, हे कागदावर दिसलं की गोळी वाढवायची की नवी जोडायची यावर वाद राहत नाही. बरं वाटल्यावरही गोळी निदान वर्ष-दोन वर्षं चालते, हेही आत्ताच मनाशी धरून ठेवा.

आणि तुमचं ते "स्वच्छ आहे गं". दिवसातून चाळीस वेळा तुम्ही तिला जे देता ती माया आहे, पण आजार ती साबणासारखी वापरतो. एका उत्तराने तिला पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला पुन्हा विचारावंसं वाटतं. हे एकदम बंद करू नका, रागाने तर नकोच. पाणी तोडणं, साबण लपवणं, "शेजारचे काय म्हणतील" हेही नको. ती शांत असेल अशा वेळी, जेवणं झाल्यावर म्हणा, जवळ बसवून सांगा की आपण दोघी मिळून हे कमी करणार आहोत. आधी फक्त एका गोष्टीचं, समजा कडीचं, उत्तर द्यायचं नाही असं तिच्याशीच ठरवा. तिने विचारलंच तर म्हणा, "हे तुझा ओसीडी विचारतोय, राणी. उत्तर नाही देणार, पण तुझ्याजवळ बसते." आणि खरंच बसा. पहिले काही दिवस ती जास्त विचारील, चिडेल, रडेल. ते वाढणं अपेक्षित आहे, त्यात तुमचं काही चुकलेलं नसेल. घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच हवं. तुम्ही नाही म्हणालात आणि वडिलांनी हळूच "स्वच्छ आहे, जा" म्हटलं, तर ती दुसऱ्या दिवसापासून त्यांनाच विचारील.

तुमच्या बोटांच्या भेगांना रात्री झोपताना खोबरेल लावा. भांडी घासताना हातमोजे घाला. आणि हे तिला आधी सांगून ठेवा, दोघींचं ठरू द्या: तेल लावल्यावर तिने जर म्हटलं, "आई, परत धुऊन ये", तर तुम्ही त्या रात्री उठणार नाही. तेलकट हातांनीच तिच्या शेजारी पडून राहा.